लग्नानंतरची पहिली संक्रांत: हलव्याचे दागिने, वाण आणि हिवाळ्यातल्या सहली यांचा मेळ कसा घालावा?

नवखा_पुणेकर (प्रश्न)

सर्व जाणकारांस नमस्कार.

आमचे लग्न गेल्या वैशाखात झाले, त्यामुळे येत्या १४ जानेवारीची (२०२६) संक्रांत ही आमची पहिलीच. दोघेही नोकरी करतो आणि पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. सौ.चे माहेर साताऱ्याचे, माझे आईवडील नाशिकला असतात. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने पाठवण्याची तयारी दोन्ही घरांनी दाखवली होती. परंतु आजकाल ते दागिने कोणीच घरी करत नाही, दुकानातून तयार डबाच येतो, हे लक्षात आल्यावर आम्ही दोघांनी ठरवले की यंदा तिचे दागिने मी करावेत आणि माझा हार, नारळ व मनगटी घड्याळ तिने करावे. हलवासुद्धा शक्य असल्यास घरीच काढावा, असा तिचा आग्रह आहे. माझ्या आईने ही कल्पना ऐकून फोनवर बराच वेळ हसण्यात घालवला, पण नाही म्हटले नाही.

हळदीकुंकवाला साधारण तीस जणी येतील. त्यांना द्यायचे वाणही बाजारातले प्लॅस्टिकचे डबे किंवा स्टीलच्या वाट्या नकोत, यावर आमचे एकमत आहे. मात्र काय द्यावे यावर नाही. तिला मोरावळ्याच्या छोट्या बरण्या द्यायच्या आहेत. मला तिळाची आणि कारळ्याची चटणी सोपी वाटते. माझ्या आत्याचे म्हणणे असे, की खाऊन संपणारी वस्तू वाण म्हणून देऊच नये, घरात राहणारी काही द्यावी.

याखेरीज हिवाळा वाया जाऊ द्यायचा नाही. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची निदान दोन सत्रे ऐकायची आहेत, नाताळात वसईच्या मित्राने घरी बोलावले आहे, भिगवणला रोहित पक्षी पाहायचे आहेत आणि हुरडा तर खायचाच आहे. सुट्ट्या मोजक्या आहेत. कोणती गोष्ट कधी करावी, आणि साध्या गॅसच्या शेगडीवर हलव्याला काटा (साखरेची बारीक टोके) येतो का, एवढे कृपया सांगावे.

कृष्णाकाठची_मावशी

काटा गॅसवर येतो, पण गॅसवर ठेवलेल्या परातीत येत नाही. मोठ्या आचेच्या बर्नरवर थेट परात ठेवली, की मधला भाग तापतो, कडा गार राहतात, आणि मधले तीळ करपून पिवळे पडतात. सर्वांत लहान बर्नर घ्यावा, त्यावर जुना जाड लोखंडी तवा ठेवावा आणि तव्यावर पितळेची कल्हई केलेली किंवा जाड बुडाची स्टीलची परात ठेवावी. पूर्वी कोळशाच्या शेगडीवर राख पसरून हीच मंद ऊब साधत असत. परातीच्या तळाला बोटे लावली असता ती सहज टेकवून ठेवता आली पाहिजेत. चटका बसत असेल तर आच जास्त आहे.

पाकाविषयी. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी घेऊन उकळी आणावी आणि उकळताना चमचाभर दूध घालावे. वर करडा फेस जमतो, ती साखरेची मळी होय. ती काढून टाकून पाक स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावा. ही मळी राहिली तर हलवा कधीही पांढराशुभ्र होत नाही, मग वर कितीही लिंबू पिळा. पाक एकतारीच्या किंचित अलीकडे असावा. फार घट्ट झाला तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होते, फार पातळ राहिला तर दाण्यावर थर बसत नाही आणि परातीत नुसती साखर पडते.

मग कोमट तिळांवर चहाचा एक चमचा पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, तीळ गोल गोल फिरवत राहायचे. ते कोरडे होऊन परातीत खुळखुळ वाजू लागले, की दुसरा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम टाकले, तर आधीचे काम वाया जाते. पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढुरके दिसतील आणि आपले काही तरी चुकते आहे असे वाटेल. काही चुकत नसते. परातीत पडलेली सुटी साखर चाळून काढावी, तीळ रात्रभर पातळ फडक्याखाली उघड्यावर गार होऊ द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. काटा तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर दिसू लागतो, आणि तोही हवा थंड व कोरडी असेल तरच. म्हणून हे काम डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पहाटे किंवा रात्री, स्वयंपाकघरात दुसरे काही उकळत नसताना करावे. शेजारच्या शेगडीवर कुकर लावला, की वाफेने हलवा ओलसर होतो.

दागिन्यांसाठी केवळ तिळाचा हलवा पुरणार नाही, त्याचे दाणे फार बारीक असतात. साबुदाण्याचा हलवा थोडा मोठा आणि एकसारखा होतो, तो बांगड्या आणि मंगळसूत्राला बरा. हारातील पदकाला आणि कानातल्यांना शेंगदाण्याचा, वेलदोड्याचा घ्यावा. लवंगेचा हलवा लांबट होतो, तो तन्मण्याच्या लोंबत्या टोकांना शोभतो. दाण्याला भोक पाडायला जाऊ नये, तो फुटतोच. दोन पदरी दोऱ्याच्या फाशात एकेक दाणा अडकवून गाठ मारत जावे. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. कंबरपट्टा, बाजूबंद आणि तुमचे ते घड्याळ मात्र पुठ्ठ्यावर जरीची किनार लावून, त्यावर हलवा चिकटवून करतात. मंगळसूत्रात काळे मणी खरे घालावेत.

तुम्ही दोघांनी एकमेकांचे दागिने करायचे ठरवले, हे मला मनापासून आवडले. आमच्या वेळी सासूने सुनेसाठी केले की ते कौतुक, आणि सुनेने केले की ते कर्तव्य असे. जावयाच्या हाताला चटके बसलेले मात्र मी तरी पाहिलेले नाहीत!

दाते_पंचांग_टेबलावर

वेळापत्रकाचा मुद्दा इथे सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण यंदा हळदीकुंकवाचे दिवस फार थोडे आहेत. संक्रांत सूर्यावर ठरते म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्रावर अवलंबून. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीला होती, त्यामुळे हळदीकुंकवाला महिना मिळाला. यंदा, २०२६ साली, ती २५ जानेवारीला आहे. त्यातही १५ तारखेची किंक्रांत बहुतेक जणी टाळतात, आणि १८ तारखेचा रविवार हा पौष अमावास्येचा आहे. तीस जणींना बोलवायचे तर शनिवार १७, शनिवार २४ किंवा रविवार २५ एवढेच सुट्टीचे दिवस उरतात. २५ तारखेला प्रत्येकीला चार-पाच घरी जायचे असते, त्यामुळे १७ किंवा २४ धरावी. माझे मत २४. दागिने तोवर एकदा संक्रांतीला घालून झालेले असतात, वाण बांधायला आणखी आठवडा मिळतो.

दुसरे असे, की १४ तारखेलाच षट्‌तिला एकादशी आहे. घरात कोणी एकादशी करणारे येणार असल्यास गुळपोळीचा बेत आधी विचारून ठरवावा.

माळावरचा_शेतकरी

हुरड्याबाबत शहरातल्या माणसांचा एक समज असतो, की थंडी पडली की हुरडा तयार. हुरडा थंडीवर नाही, पेरणीवर येतो. रब्बी ज्वारी पाऊस संपताना पेरतात आणि दाणा दुधातून बाहेर पडून चिकाला येतो, पण अजून टणक झालेला नसतो, तेवढे थोडेच दिवस त्या शेतात हुरडा मिळतो. नंतर ती नुसती ज्वारी. आमच्या सोलापूर भागात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कुठल्या ना कुठल्या शेतात हुरडा सापडतो, पण तुम्ही ज्या शेतावर जाणार तिथला कधी तयार होईल, हे त्या शेतकऱ्यालाच विचारून जावे. तारीख आधी ठरवून, आगाऊ पैसे भरून जाणाऱ्यांना पुष्कळदा दुसरीकडून पोत्यात भरून आणलेली कणसे भाजून दिली जातात. सकाळी तोडलेले कणीस आणि पोत्यात रात्र काढलेले कणीस यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विचारताना जातीचे नावही विचारावे. हुरड्याची ज्वारी वेगळी असते. आमच्याकडे सुरती आणि गुळभेंडी ही नावे तुम्हांला ऐकू येतील. गुळभेंडीचा दाणा नावाप्रमाणे गोड असतो आणि कणीस हातावर चोळले की बोंडातून सहज सुटतो. जमिनीत खड्डा करून, त्यात गोवऱ्या पेटवून आगटी करतात. निखारे झाले की कणसे त्यात खुपसायची. भाजणारा माणूस जाणता हवा, कारण अर्ध्या मिनिटाच्या फरकाने हुरडा कच्चा राहतो किंवा लाह्या होतो. गरम कणीस घोंगडीच्या तुकड्यात धरून चोळणे आणि तोंडाने फुंकून कोंडा उडवणे हे काम पाहुण्यांनी एकदा तरी करावे, मग समोर आलेल्या मुठीएवढ्या हुरड्याची किंमत कळते. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे, ऊस, आणि शेवटी ताक. त्यानंतर जेवणाचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा.

तुम्ही पुण्याहून येणार असाल तर सोलापूरपर्यंत येण्याची गरज नाही, शिरूरच्या पुढे नगर रस्त्यालाही हुरडा होतो. पहाटे निघून नऊच्या आत शेतावर पोचावे. ३ आणि ४ जानेवारीचा शनिवार-रविवार त्यासाठी योग्य दिसतो.

रोखठोक

माफ करा, पण कोणी तरी हे म्हणायला हवे. दोघे नोकरी करणारे, दोन खोल्यांचे घर, तीस बरण्या मोरावळा, दोन माणसांचे दागिने, आणि त्यात पुन्हा चार सहली. हलवा विकत आणा आणि दागिने तेवढे घरी गुंफा. चांगला हलवा पुण्यात वजनावर मिळतो, आणि तो करणाऱ्या बायकांचे वर्षाचे बरेचसे उत्पन्न याच महिन्यातले असते.

कृष्णाकाठची_मावशी

रोखठोक यांचे म्हणणे अर्धे मान्य. दागिन्यांना लागणारा साबुदाण्याचा आणि वेलदोड्याचा हलवा विकत आणावा, आणि तिळाचा वाटीभर हलवा मात्र घरी काढावा. तो तिळगुळात मिसळून देण्यासाठी. त्यात हौसही भागते आणि बोटेही वाचतात.

उत्तर_वसई

वसईला येणार आहात म्हणून लिहितो. २५ डिसेंबरला दुपारी येऊन संध्याकाळी परतलात, तर तुम्हांला फक्त गर्दी दिसेल. २४ तारखेला संध्याकाळपर्यंत पोचा, मध्यरात्रीच्या मिस्साला यजमानांबरोबर जा आणि नंदाखाल, गास, पापडी या बाजूंना अंगणोअंगणी मांडलेले गोठे (येशूजन्माचे देखावे) पायी फिरून पाहा. कोणी विहिरीवरचा रहाट फिरताना दाखवतो, कोणी भाताची खाचरे खरी पेरून उगवून आणतो. त्यासाठी घरातली मुले डिसेंबरच्या सुरुवातीपासून बियाणे भिजवत असतात.

तुमचा विषय घरी केलेल्या भेटींचा आहे, तेव्हा जाताना काही तरी हाताने केलेले न्यावे, आणि येताना तुमच्या हातात ताट येईलच. आमच्याकडे नाताळच्या आधीच्या आठवड्यात शेजारपाजारी आणि नातेवाइकांत फराळाची ताटे फिरतात: करंज्या, केक, गुलाबाच्या आकाराच्या साच्याने तळलेल्या कुकीज आणि कुलकुल. कुलकुल तुम्हांलाही घरी करता येतील. मैदा, थोडा रवा, साखर आणि नारळाचे दाट दूध यांचे घट्ट पीठ मळावे, बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पुढे ढकलावी म्हणजे ती रेघा उमटून शंखासारखी वळते, मग मंद आचेवर तळावी. हे काम एकट्याने करायचे नसतेच. आमच्या घरी सगळे जेवणानंतर टेबलाभोवती बसतात आणि वर्षभराच्या गप्पा त्यात होतात. नवरा-बायकोने रात्री रेडिओ लावून करावे असे हे काम आहे, आणि कोरड्या डब्यात कुलकुल तीन आठवडे सहज टिकतात. तुमची तिळाची चटणी यजमानांना जरूर न्या. डुकराच्या मांसाच्या इंद्यालाबरोबर (मसालेदार रश्शाबरोबर) आणि फुग्यांबरोबर (तळलेल्या पिठाच्या गोळ्यांबरोबर) ती खाल्ली जाणार नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या भाकरीबरोबर नक्की संपेल.

नवखा_पुणेकर

सर्वांचे आभार. दागिन्यांसाठी हलवा विकत आणण्याचा आणि तिळाचा घरी काढण्याचा तोडगा आम्हां दोघांना पटला. हळदीकुंकू २४ जानेवारीला ठरवले. भिगवणविषयी कोणी लिहिले नाही. आणि वाणाचा तिढा अजून सुटलेला नाही. आत्याबाईंना काय उत्तर द्यावे?

दुर्बीणधारी

भिगवण डिसेंबरात नको. पावसाळ्यानंतर उजनी धरणाचे पाणी काठोकाठ असते, चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडलेले नसतात, आणि रोहितांना चोच खाली घालून गाळात अन्न शोधायला तीच जागा लागते. पाणी उतरू लागले, की जानेवारीच्या उत्तरार्धापासून त्यांचे थवे वाढतात आणि मार्चपर्यंत राहतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब मात्र त्याआधीही दिसतात. २६ जानेवारी सोमवारी आहे, परंतु त्या जोडसुट्टीत कुंभारगावच्या धक्क्यावर नावेसाठी रांग लागते. फेब्रुवारीतला एखादा साधा शनिवार निवडावा. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर अंतर आहे, म्हणून पहाटे चारला निघालात तर सूर्योदयाला नावेत बसता येते. नावाडी तिथलेच मासेमार आहेत. थव्याच्या फार जवळ नाव नेण्याचा हट्ट त्यांच्याकडे धरू नये, पक्षी उडाले की त्यांचे चरणे थांबते आणि आपले छायाचित्रही केवळ पाठमोरे येते. ही सहल रथसप्तमीनंतर ठेवली, म्हणजे जानेवारी हलव्याला मोकळा राहतो.

वाणसामान

आत्याबाईंना सांगावे की संक्रांतीच्या सुगडांत आपण जे भरतो ते सगळेच खाण्याचे असते: ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. शेतात जे आले ते एकमेकींना द्यायचे, हा या सणाचा गाभा आहे, आणि स्टीलच्या वाट्या त्यात पुष्कळ नंतर आल्या. शिवाय मोरावळ्याची काचेची बरणी मागे राहतेच, तेव्हा दोन्ही पक्षांचे समाधान होते.

मोरावळा आणि चटणी यांपैकी मी मोरावळ्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण केवळ वेळ हे आहे. चटणी ताजीच चांगली, म्हणून ती देण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत करावी लागते. आणि नेमके तेच दिवस तुम्हांला सर्वांत धावपळीचे जाणार. मोरावळा उलट जितका मुरेल तितका चांगला. आत्ता बाजारात मोठे, डाग नसलेले आवळे येऊ लागले आहेत. सवाईच्या आधीच्या शनिवार-रविवारी, म्हणजे ६ आणि ७ डिसेंबरला, तो करून टाकावा. तीस लहान बरण्यांना चार किलो आवळे पुरावेत. आवळे काट्याने सर्व बाजूंनी टोचून तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवावेत, त्याने तुरटपणा कमी होतो आणि फळ शिजताना फुटत नाही. सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पाकळ्या सुटणार नाहीत इतपतच वाफवावेत. किलोला सव्वा किलो साखर धरून पाक करावा, आवळे त्यात घालून मंद आचेवर ते पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावेत आणि वेलदोडा व केशर शेवटी घालावे. दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा तपासावा. आवळ्याचे पाणी सुटून तो हमखास पातळ झालेला असतो. तेव्हा आवळे बाजूला काढून नुसता पाक दोनतारी होईपर्यंत आटवावा. ही दुसऱ्या दिवसाची पायरी गाळली, तर जानेवारीत बरणीच्या तोंडाशी बुरशी दिसते. बरण्या मात्र २० जानेवारीच्या आसपासच भराव्यात, तोवर सगळा मोरावळा एकाच चिनी मातीच्या बरणीत असू द्यावा.

बरणीच्या झाकणाला जुन्या सुती साडीचा चौकोन दोऱ्याने बांधावा. काळी चंद्रकळा मिळाली तर उत्तम.

नवखा_पुणेकर

मोरावळा ठरला, सौ.ने हे उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा. शेवटचे विचारतो. सासरे एकादशी करतात आणि १४ तारखेला ते दोघे आमच्याकडे असतील. गुळपोळी त्या दिवशी करू नये का?

कृष्णाकाठची_मावशी

भोगी १३ तारखेला मंगळवारी आहे. त्या दिवशी संध्याकाळी भोगीची मिसळीची भाजी करा: वांगी, गाजर, पावटा, ओले हरभरे, शेंगदाणे, वर तिळाचे कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. सासरे त्या जेवणाला हजर असतील असे पाहा. गुळपोळ्याही त्याच रात्री लाटून ठेवाव्यात. किसलेला पिवळा गूळ, भाजलेल्या तिळाचे व खसखशीचे कूट आणि तेलात खमंग भाजलेले बेसन एकत्र मळून गोळा करावा. तो आणि कणीक बोटाला सारख्याच मऊ लागल्या पाहिजेत. गोळा घट्ट राहिला तर पोळी लाटताना गूळ मध्येच थांबतो आणि कडा कोरड्या राहतात. चिक्कीचा गूळ घेऊ नये, तो तव्यावर वितळून बाहेर येतो आणि पोळी दगडासारखी होते.

गुळपोळी गार झाल्यावर खुसखुशीत होते आणि आठवडाभर टिकते. तेव्हा १४ तारखेला सासऱ्यांना साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस द्या, तुम्ही दोघे आणि सासूबाई गुळपोळी-तूप खा, आणि त्यांच्या वाटणीच्या चार पोळ्या १५ तारखेला सकाळी पारण्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवा. डब्याला नाव घाला, म्हणजे रात्री कोणी उघडणार नाही.